गाऱ्हाणं घाला, पण हप्ता भरून

पत्र असं आहे (थोडं आखडतं घेऊन देते):

“सप्रेम नमस्कार. मी देवगड तालुक्यातला. वय 69. एका निमशासकीय संस्थेतून 2015 साली वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो. पेन्शन 31 हजार. संस्थेची गट मेडिक्लेम पॉलिसी आहे, 3 लाखांची, नवराबायको मिळून. दर सगळ्यांना एकच. कार्यरतांचा निम्मा हप्ता संस्था भरते, आम्हा निवृत्तांचा पूर्ण आम्ही. गेल्या वर्षी 21,400 होता. यंदा परिपत्रक आलं, 38,600, जीएसटी धरून. 30 जूनच्या आत भरायचा.

आमच्या पेन्शनर संघटनेने ठराव केला की कोणीच भरायचा नाही. माझी सहीही घेतली. पण खरा प्रश्न घरातला आहे. माझा मुलगा, वय 34, त्याच संस्थेत आहे. त्याच्या पगारातून महिन्याला 892 कापत होते, आता 1,608 कापणार. त्यांची युनियन म्हणते, म्हाताऱ्यांचे क्लेम जास्त म्हणून दर वाढला, तेव्हा त्यांची पॉलिसी वेगळी करा. परवा जेवताना मुलगा बोलून गेला, ‘तुमच्या गुडघ्यांचे पैसे आम्ही का भरायचे?’ गेल्या वर्षी हिचा गुडघा बदलला, कोल्हापूरला. ही काही बोलली नाही. सोलकढीची वाटी उचलून आत जाता जाता एवढंच म्हणाली, ‘गुडघो माझो, आणि भांडतास तुमी.’

आता मी काय करू? संघटनेबरोबर राहू की हप्ता भरू? माझी भाची शिकागोला असते. ती म्हणते तिकडे निवृत्त लोक असल्याच प्रकरणात कोर्टात जिंकले. आम्हीही कोर्टात जावं का? — नाना”

नाना, नमस्कार.

आधी वहिनींना सांगा, अख्ख्या पत्रात सगळ्यात शहाणं वाक्य त्यांचंच आहे.

मी 32 वर्षं आस्थापना शाखेत काढली. असली परिपत्रकं मी स्वतः टाइप केली आहेत, ‘तरी सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी’ या शेवटच्या ओळीसकट. त्यामुळे तुमचा राग मला परका नाही. 21,400 वरून 38,600 म्हणजे एका झटक्यात 80 टक्के. पेन्शनमधला पूर्ण महिना आणि वर आठवडा. याला विरोध करायलाच हवा. प्रश्न फक्त कसा आणि कुणाला, एवढाच.

हप्ता भरा. 30 जूनच्या आत.

संघटनेच्या ठरावावर तुमची सही आहे हे मला कळतं. पण मिरगाच्या तोंडावर कोणी गवंड्याचे दर वाढले म्हणून घरावरचे नळे काढून ठेवत नाही. भांडण गवंड्याशी असतं, पाऊस घरात येतो. आमच्याकडे एकदा असाच बहिष्कार झाला होता. तडजोड झाली, दर थोडा उतरलाही, पण मधले 41 दिवस कुणाचीच पॉलिसी नव्हती. त्या 41 दिवसांत आमच्या रोखपालाला हृदयविकाराचा झटका आला. त्याच्या बायकोने पाटल्या विकल्या. नंतर सभेत त्या दोघांच्या समोर बसायची कुणाची हिंमत होईना.

शिवाय तुमच्या घरात नवीन पॉलिसी घेणं म्हणजे काय, ते बघा. वहिनींचा गुडघा झालेला, वय साठीच्या पुढचं, आणि या वयात साखर नाहीतर बीपी असतंच. 1 एप्रिल 2024 पासून विमा कंपन्यांना 65 वर्षांवरच्यांनाही पॉलिसी देता येते, वयाची जुनी मर्यादा गेली. हे चांगलं झालं. पण आधीपासूनच्या आजारांना 36 महिन्यांपर्यंत थांबायची अट कंपनी घालू शकते. म्हणजे जुनी साखळी तुटली तर वहिनींच्या नेमक्या दुखण्यालाच तीन वर्षं पावसात उभं राहायचं. वार्षिक हप्ता उशिरा भरायला 30 दिवसांची सवलत असते, त्यावरही विसंबू नका. एकरकमी भरणाऱ्याला त्या सवलतीच्या दिवसांत आलेल्या आजारपणाचा क्लेम मिळत नाही.

तेव्हा पैसे भरा आणि सोबत चार ओळींचं पत्र द्या: “वाढीव हप्ता मान्य नाही. माझे सर्व हक्क अबाधित ठेवून, निषेधासह ही रक्कम भरत आहे.” दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. संघटनेने बहिष्काराऐवजी हेच सगळ्यांकडून करून घ्यावं. शिक्का मारलेली अशी 400 पत्रं एकाच आठवड्यात आवक नोंदवहीत पडली की साहेबांना घाम फुटतो. न भरलेल्या हप्त्याने फुटत नाही, तो त्यांच्या खिशातून जातच नसतो.

आता मुलाचं. त्याचं बोलणं वाईट होतं, हिशेब पूर्ण चुकीचा नव्हता. कागद घ्या, मी सोपे आकडे धरते. तुमच्या संस्थेचे खरे आकडे वेगळे असतील आणि संस्थेचा वाटाही क्षणभर बाजूला ठेवू. समजा कार्यरत कुटुंबं 900, त्यांचा दवाखान्याचा खर्च सरासरी 8,000. निवृत्तांची 400, त्यांचा 30,000. एकूण झाले 1 कोटी 92 लाख. 1,300 कुटुंबांत वाटले तर प्रत्येकी 14,769. पॉलिसी वेगळ्या केल्या तर मुलाला 8,000 आणि तुम्हाला 30,000. म्हणजे मुलाचे वर्षाला 6,769 वाचतात. खोटं कशाला बोलायचं, वाचतातच.

पण पुढे चला. त्याला निवृत्तीपर्यंत 24 वर्षं आहेत. दरवर्षीचे 6,769 त्याने इमानदारीत बाजूला टाकले (टाकणार नाही, आपण कोणी टाकले?) तर 58 व्या वर्षी हातात येतील 1,62,456. व्याज आणि महागाई दोन्ही सोडून देऊ. तेव्हापासून त्याला निवृत्तांच्या वेगळ्या पॉलिसीसाठी वर्षाला 15,231 जादा द्यावे लागतील. ती शिल्लक किती पुरेल? साडेदहा वर्षं आणि थोडं वर. म्हणजे तो 68 ओलांडून 69 कडे सरकला की संपली. आज तुमचं वय किती, नाना?

आणि आजच्या घडीचं बघा. वेगळ्या पॉलिसीने मुलाचे 6,769 वाचले, तुमचे 15,231 वाढले. तुमची चूल एकच आहे. त्या घराला वर्षाला 8,462 चा खड्डा पडला. तुम्ही नाही भरू शकलात तर वहिनींचा दुसरा गुडघा कोण करणार आहे? तोच. फक्त तेव्हा हप्ता नसेल, पूर्ण बिल असेल.

हे त्याला जेवताना सांगू नका. जेवणावर हिशेब काढला की दोन्ही कडू होतात.

त्याच्या युनियनला अजून एक गोष्ट कळायला हवी. निवृत्तांची पॉलिसी वेगळी पडली की पहिल्या वर्षी धडधाकट निवृत्त बाहेर पडतात, कारण त्यांना एवढा हप्ता परवडत नाही आणि गरजही वाटत नाही. मागे उरतात आजारी. पुढच्या वर्षी दर आणखी चढतो, आणखी काही गळतात. चारपाच वर्षांत त्या पॉलिसीत कुणी उरत नाही. मग आज 55 वर्षांचा असलेला युनियनचा अध्यक्ष निवृत्त होऊन कुठल्या पॉलिसीत जाणार?

एकत्र ठेवून चालतं का? चालतं. सीजीएचएसमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या कर्मचारी-पेन्शनरांच्या आरोग्य योजनेत, वर्गणी पगाराच्या स्तरावर ठरते, वयावर नाही. 2017 पासून ती महिन्याला 250 ते 1,000 रुपये आहे, आणि निवृत्त माणूस दहा वर्षांची वर्गणी एकदम भरून आयुष्यभराचं कार्ड घेऊ शकतो. 650 च्या स्तरावर निवृत्त झालेल्याला ते 78,000 ला पडतं. केरळने 1 जुलै 2022 ला मेडिसेप ही आरोग्यविमा योजना सुरू केली तेव्हा कार्यरत आणि पेन्शनर दोघांनाही महिना 500 रुपयेच लावले. सगळ्यांना सक्तीने. त्यावरही तिकडे कर्मचाऱ्यांनी आणि पेन्शनरांनी भरपूर आरडाओरडा केला, इस्पितळं कमी म्हणून, क्लेम कापले म्हणून. पण म्हाताऱ्यांना वेगळं काढलं नाही. तमिळनाडूत दोन वेगळ्या योजना: 2022 साली कर्मचाऱ्यांना महिना 300 होते, पेन्शनरांना 497. वेगळं केलं की फरक पडतो तो असा, आणि तिथे तर मागे सरकार उभं आहे. तुमच्यामागे एक संस्था.

मग विरोध कुणाला? आपल्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा गावकार आधी नाव घेतो. कुणाला हाक मारतोय ते पहिलं. मग काय झालं ते, मग काय हवं ते. आणि शेवटी सगळे एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’. तुमच्या संघटनेच्या ठरावात (तुम्ही प्रत जोडलीत, बरं केलंत) ‘अन्याय’ चार वेळा आणि ‘जाहीर निषेध’ तीन वेळा आहे, पण कुणाला काय मागताय ते एकदाही नाही. विमा कंपनीला निषेध? तिला तुम्ही ग्राहकच नाही, तिचा ग्राहक संस्था आहे. मुलाच्या युनियनला? ती तुमच्याच ताटातली. नाव घ्यायचं ते संस्थेच्या संचालक मंडळाचं. कार्यरतांचा निम्मा हप्ता ती भरते आणि निवृत्तांचा एक पैसा भरत नाही, ही खरी गाठ आहे. ती सुटली तर वेगळ्या पॉलिसीची भाषा आपोआप बंद होईल.

पण रिकाम्या हाताने जाऊ नका. दर का वाढला हे आकड्यांत मागा. गटविम्यात पुढच्या वर्षीचा दर मुख्यतः मागच्या क्लेमवर बसवतात. कंपनीला 1 कोटी हप्ता मिळाला आणि तिने सव्वा कोटीचे क्लेम दिले, तर ती 125 टक्के म्हणते आणि पुढच्या वर्षी ते भरून काढते. तुमचे गेल्या तीन वर्षांचे टक्के किती? किती कंपन्यांकडून दरपत्रकं मागवली? की जुन्याच कंपनीने आकडा सांगितला आणि साहेबांनी सही केली? मध्ये दलाल आहे का? हे सगळं माहितीच्या अधिकारात मिळतं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि 30 दिवस. आपल्या राज्यात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा, एवढं सांभाळा. ‘जाहीर निषेध’ लिहायला जागाच राहत नाही, हा त्या नियमाचा फायदा. हा अर्ज मुलाच्या युनियनने आणि तुमच्या संघटनेने मिळून केला तर उत्तमच.

त्या 38,600 मधले 5,888 रुपये निव्वळ जीएसटी आहे, 18 टक्क्यांनी. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विमा, त्यातल्या कुटुंबाच्या आणि ज्येष्ठांच्या पॉलिसी, जीएसटीतून मुक्त झाल्या. गटविमा नाही. म्हणजे स्वतःच्या पेन्शनमधून पूर्ण हप्ता भरणारा तुमच्यासारखा माणूस, फक्त यादीत नाव आहे म्हणून कर देतो. हे मला सरळसरळ चुकीचं वाटतं. हे गाऱ्हाणं मात्र संस्थेला नाही, सरकारला. आमदार-खासदारांना निवेदन द्यायचंच असेल तर हा एकच मुद्दा द्या, फोटो काढून बाकीचं विसरतात.

अजून एक तारीख. 30 जानेवारी 2025 ला विमा नियामकाने कंपन्यांना सांगितलं की ज्येष्ठ नागरिकांचा आरोग्यविम्याचा हप्ता वर्षात 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर आधी आमच्याशी बोला. कंपनी म्हणेल, हे गटविम्याला लागू नाही. म्हणू दे, पण लेखी म्हणू दे. संस्थेने ते लेखी मागावं. 80 टक्के वाढ आणि 10 टक्के हे दोन आकडे एका कागदावर शेजारी आले की बोलणी वेगळ्या सुरात होतात.

दर उतरवायला कंपनी काटछाट सुचवेल, तिथे डोळे उघडे ठेवा. खोलीभाड्याची मर्यादा निरुपद्रवी दिसते, पण तिच्यात सुरा लपलेला असतो. मर्यादा 3,000 ची आणि तुम्ही 6,000 ची खोली घेतलीत, तर खोलीचेच नाही, डॉक्टर आणि ऑपरेशनचे पैसेही त्याच प्रमाणात निम्मे कापतात. त्यापेक्षा 10 टक्के आपण भरायचे ही अट परवडली, निदान किती जाणार ते आधी कळतं.

आणि कोकणाचं स्वतंत्र मागा. तुम्ही लिहिलंय की वहिनींना घेऊन फोंडा घाटातून कोल्हापूरला गेलात, तिथे कॅशलेस नाकारलं, 50 हजार अनामत भरली आणि परतावा चार महिन्यांनी आला. हे वाचून मला हप्त्यापेक्षा जास्त चीड आली. मुंबईच्या माणसाला घराच्या खाली उतरलं की यादीतलं इस्पितळ, आणि आपल्याला घाट चढून किंवा गोव्यातलं बांबोळी गाठून. दर एकच! जानेवारी 2024 पासून विमा कंपन्यांनी यादीबाहेरच्या इस्पितळातही कॅशलेस द्यायचं ठरवलंय. ठरलेल्या ऑपरेशनला 48 तास आधी कळवायचं, तातडीचं असेल तर भरती झाल्यापासून 48 तासांत, आणि इस्पितळाची तयारी हवी. नियामकाचं म्हणणं, कॅशलेसची मंजुरी तासाभरात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यावी. हे करारात लिहून घ्या, रुग्णवाहिकेचं भाडं वाढवून घ्या. संस्थेच्या मुंबईतल्या साहेबांना घाट म्हणजे फिरायला जायची जागा वाटते.

कोर्टाचं विचारलंत. भाचीचं खरं आहे, पण अर्धं. इलिनॉय राज्याने 2012 मध्ये कायदा करून निवृत्तांच्या विम्यातला सरकारी वाटा कमी करायची वाट मोकळी केली. 3 जुलै 2014 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक मतांनी निवृत्तांची बाजू घेतली. पण त्या राज्याच्या 1970 च्या घटनेत लिहूनच ठेवलंय की निवृत्तीचे लाभ कमी करता येणार नाहीत. आपल्याकडे तसं वाक्य नाही. पेन्शन ही मेहेरबानी नाही, हक्क आहे, हे नाकरा खटल्यात 17 डिसेंबर 1982 ला ठरलं, म्हणून तर त्या तारखेला आपण पेन्शनर दिन करतो. वैद्यकीय खर्चाचं मात्र दोन्हीकडे झुकतं. चावला खटल्यात, 1996 साली, सर्वोच्च न्यायालय म्हणालं की सरकारी सेवकाच्या उपचाराचा खर्च देणं सरकारचं कर्तव्य आहे. पुढे 1998 मध्ये बग्गा खटल्यात म्हणालं की सरकार आपल्या ऐपतीप्रमाणे मर्यादा घालू शकतं. 2018 मध्ये शिवकांत झा या निवृत्त अधिकाऱ्यांच्या प्रकरणात, इस्पितळ यादीत नाही एवढ्याच कारणाने खर्च नाकारता येणार नाही, असा निकाल लागला. कोल्हापूरसारखं पुन्हा झालं तर हा तुमच्या कामाचा. हप्त्याच्या दरासाठी कोर्ट, मला तरी वाट लांबची दिसते. तुमच्या सेवानियमांत किंवा मंडळाच्या जुन्या ठरावात ‘निवृत्तांनाही संस्था वाटा देईल’ असं कुठे लिहिलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तो ठराव शोधा. तुम्ही वरिष्ठ लिपिक होतात, फायली कुठल्या कपाटात आहेत ते तुम्हालाच ठाऊक.

येत्या जानेवारीत तुम्ही सत्तरीत पडाल. आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार, आधारवरचं वय बघतात. खाजगी विमा असला तरी चालतं. मात्र ते तुमच्यापुरतं, वहिनींना अजून वेळ आहे. म्हणून ते कार्ड आलं म्हणून गटाची पॉलिसी सोडायची घाई करू नका.

हप्ता मुलाने भरला तरी चालतो. तो जुन्या करपद्धतीत असेल तर ज्येष्ठ आईवडिलांच्या हप्त्यावर 50,000 पर्यंत त्याला वजावट मिळते. रोखीने नाही, खात्यातून भरायचा. मी असते तर हे त्याला नुसतं सांगितलं असतं, मागितलं नसतं.

रविवारी संघटनेची सभा आहे असं लिहिलंत. ठराव मागे घ्या असं उभं राहून म्हणणं अवघड आहे, सही तुमचीच आहे. पण म्हणा. निषेधासह भरायच्या पत्राचे 400 नमुने झेरॉक्स करून न्या, म्हणजे हातात द्यायला काहीतरी असेल. मुलालाही सांगा, युनियनचे दोन जण घेऊन ये, माहितीच्या अर्जावर दोन्हीकडच्या सह्या हव्यात. वाटेत पाऊस असणार. दोघं एकाच गाडीवर जा.